उतरवलेली सूज

गुलाब त्या दिवशी पायातले बूट न काढताच हौद्यात आला. हौदा म्हणजे आमच्या तालमीतली लाल माती. तेल, ताक, हळद घालून मळलेली. तिच्या पाया पडूनच आत उतरायचं असतं, आन् ह्यो गडी सरकारी बुटासकट थेट मधी.

"आरं ए, तालमीत आलास का बाजारात?" मी वरडलो.

"वस्ताद, चला लौकर. तेल घ्या, पट्ट्या घ्या. ठाण्यात एकाचा पाय मुरगळलाय."

"मग घिऊन ये हितं. मी काय दुकान डोक्यावर घिऊन फिरतोय?"

"आणता येत न्हाई. चला म्हणतोय न्हवं!"

सकाळचं सात वाजलं असतील. पोरं जोर मारायची थांबून बघाय लागली. गुलाब माझ्याशी असा कधी बोलला न्हवता. दहा वर्सांचा असताना त्याची आई त्याला माझ्या पायावर घालून गेली होती, "ह्याला माणूस करा" म्हणून. पुढं माझ्याच हाताखाली घुमला, जिल्ह्याला कुस्त्या मारल्या, त्याच्या जोरावर पोलिसात लागला, हवालदार झाला. मला पोटचं पोर न्हाई. जे काय होतं ते गुलाब होतं.

मी हैबती शेडगे. शाळा दुसरीतनं सुटली, कुस्ती चाळिशीत सुटली, पण हाडं बसवायचं काय सुटलं न्हाई. आमच्या येळवशीच्या आसपास वीस गावात कुणाचा खांदा निखळला, कंबर धरली, की माणसं माझ्याकडं. त्यामुळं मला वाटलं, असंल कुठला तर शिपाई जिन्यावरनं पडलेला. तेलाची बाटली काखेत मारली आन् निघालो.

ठाण्याच्या मागच्या खोलीत गेलो तर भिताडाला टेकून एक माणूस बसलेला. चाळिशीचा, काळा, खांदे असे की रेडा लाजंल. दोन्ही पाय पुढं पसरलेले. मी पाय बघितले आन् गुलाबकडं बघितलं. गुलाब भिताडावरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

मुरगळलेला पाय एक असतो. हितं दोन्ही तळवं भाकरीगत फुगलेले.

"कवा मारलं?" मी विचारलं.

"वस्ताद, तेवढं नका विचारू," गुलाब म्हणाला.

तेवढ्यात टेंभुर्णे फौजदार आत आले. हातात चहाची बशी. माणूस दिसायला एकदम सज्जन, भांग तर असा की पट्टी लावून पाडलाय. "या वस्ताद! तुमचं नाव लई ऐकलंय. याला साडेअकराला कोर्टात उभा करायचाय. स्वतःच्या पायानं चालत गेला पाहिजे. बस, एवढंच काम."

"सायब, पाच दिवस तरी पाय टेकायचा न्हाई ह्यो."

"पाच दिवस असते तर डॉक्टरकडं नेला असता की. तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" आन् हसले. "चोवीस तासाच्या आत जज्जसमोर न्यावा लागतो. कायदा आहे. आपण कायद्याच्या बाहेर जात नाही."

प्रकरण काय ते समद्या गावाला ठाऊक होतं. जत्रा आठ दिवसांवर आन् देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेलेला. गावानं एकदा बंद पाळला, दोनदा मोर्चा आणला. फौजदाराला वरनं रोज फोन. देवळाच्या पायऱ्या घडवायला आलेला दुर्गाप्पा वडार दिसला, परका दिसला, गरीब दिसला. उचलला.

फौजदार बाहेर गेले. मी खाली बसलो. म्हणलं, उठावं आन् सरळ घरी जावं. तर ह्यो दुर्गाप्पा माझ्याकडं बघून म्हणतो, "बाबा, काय तर करा. लई ठणकतंय."

आता सांगा. समोर माणूस ठणकतंय म्हणतोय आन् हातात तेल हाय. काय करायचं? मी ऊन पाणी मागवलं, मीठ टाकलं, पाय शेकले आन् लागलो कामाला. बोटापासनं धरून गुडघ्याकडं, एकाच दिशेनं. दाबायचं, सरकवायचं, परत दाबायचं. मग वल्ल्या पट्ट्या आवळून बांधायच्या, पाय भिताडाला वर टेकवायचे, घटकाभरानं सोडून परत चोळायचं. दुर्गाप्पा दात खाऊन गप. दगड फोडणाऱ्याचं तळवं ते, कातड्यासारखं टणक. त्यावर वळ उठत न्हाईत. जे काय व्हतं ते आत व्हतं.

"मुखवटा घेतलास का?" मी हळूच विचारलं.

"बाबा, घेतला असता तर पहिल्या दहा फटक्यात दिला असता. नसलेला कुठनं देऊ?"

मी पट्टी आणखी आवळली.

"आज परत हितं आणलं तर मी वाचत न्हाई," तो म्हणाला. "सायब म्हणलाय, पाच दिवस मागून घेतो, मग तुला नाचवतो. माझी बायको तिकडं कोर्टाच्या दारात बसली असंल. पोटुशी हाय."

गुलाब दारात उभा होता. त्यानं ऐकलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. त्यानं कॅलेंडर सोडलं न्हाई.

साडेदहाला पट्ट्या सोडल्या. तळवं दुसऱ्याच माणसाचं वाटावं असं उतरलं होतं. डाव्या पायात एक बारकं हाड चिरलंय हे माझ्या बोटाला लागत होतं, पण तीन तासात त्याला काय करणार? फौजदारांनी पायमोजं मागवलं, नवं कोरं, निळं. दुर्गाप्पानं जन्मात पायमोजा घातलेला न्हवता. शिपायाला म्हणला, "ह्यात कुठलं बोट कुठं घालायचं?" शिपाई फिदीफिदी हसला. मग दुर्गाप्पा उठला आन् खोलीभर चालला. लंगडत न्हाई, काय न्हाई.

"वा वस्ताद! जादू आहे तुमच्या हातात," फौजदार म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या कामाची तारीफ झाली की मी असा फुगतो. मोठा दोष हाय माझा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं खुर्चीतनंच बघितलं. चालत आला, चालत गेला. 'इजा नाही' असं लिहून दिलं म्हणं. गुलाब म्हणाला, "वस्ताद, कोर्टापर्यंत चला. मधीच पाय भरून आला तर?" म्हणून मी पण गेलो, तेलाची बाटली काखेत.

कोर्टाच्या दारात एक बाई भिताडाला टेकून बसलेली. पोट आठव्या महिन्याचं. दुर्गाप्पा चालत येताना बघून तिनं देवाला हात जोडले. तिला वाटलं, मारलं न्हाई. मी मान खाली घातली आन् आत जाऊन मागच्या बाकड्यावर बसलो.

जज्ज बाई होत्या. पोरगीच म्हणायची, तीस बी झाली नसंल, नवीनच आलेल्या. दुर्गाप्पाला पुढं उभा केला. सरकारी वकील उठला, म्हणाला, मुखवटा जप्त करायचाय, साथीदार शोधायचेत, पाच दिवसांची पोलीस कोठडी द्यावी. दुर्गाप्पाच्या बाजूनं वकील न्हवताच.

बाईंनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

आता असल्या वेळी समदे 'न्हाई' म्हणतात. परत त्यांच्याच हातात जायचं असतं ना! पण दुर्गाप्पा म्हणाला, "हाय."

फौजदारांच्या मानेची शीर उडालेली मी मागनं बघितली.

"काय तक्रार?"

"तळव्यावर मारलं, बाई. काल दुपारपासनं दिवं लागंपर्यंत."

"मॅडम, आरोपी स्वतः चालत आलाय," फौजदार म्हणाले. "डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुखवट्याच्या प्रकरणात गावात तणाव आहे, म्हणून हे सगळं शिकवून..."

"तुम्हाला विचारलं नाही मी. चालून दाखवा," बाई दुर्गाप्पाला म्हणाल्या.

तो चालला. टेबलापासनं दारापर्यंत आन् परत. मी मागं बसून बघत होतो. एक पाऊल वाकडं पडावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. पडलं न्हाई. मी काम चोख केलं होतं.

"मोजे काढा."

काढले. बाई उठून पुढं आल्या, वाकून बघितलं. तळवं दगडागत, भेगाळलेलं, पण सूज म्हणाल तर न्हाई. बाई सरळ झाल्या. तोंडावर काय दिसलं त्यांच्या? मला वाटलं, खरं वाटतंय पण हातात काय सापडंना, असं. त्या जाग्यावर जाऊन बसल्या, पेन उचललं. मागं दारातनं ती पोटुशी बाई आत डोकावून बघत होती.

मी त्या पेनाकडं बघत होतो. पेन खाली टेकलं की पाच दिवस. आन् ते टेकतंय माझ्यामुळं.

"बाई!" मी उभा राहिलो.

शिपाई धावला. "ओ आजोबा, बसा खाली, हे कोर्ट आहे!"

"बाई, सूज होती. ती मी उतरवली."

समदं कोर्ट मागं वळलं. गुलाब पण. त्याचं तोंड असं पांढरं झालं की मला वाटलं, पडतंय आता हे.

"कोण तुम्ही?"

मी सांगितलं कोण ते. सकाळी सातला ठाण्यात नेलं, तीन तास चोळलं, समदं सांगितलं. सरकारी वकील उठला, "मॅडम, हा कोण कुठला पहिलवान, वैद्यकीय दाखल्यापुढं याच्या बोलण्याला..."

"पुरावा काय आहे तुमच्याकडं?" बाईंनी मला विचारलं.

"बाई, सूज म्हणजे पाणी. म्या ते घालवलेलं न्हाई, नुसतं वर सरकवलंय. ह्याला बाकड्यावर बसवा, पाय खाली लोंबकळू द्या. तासाभरात परत येतंय का न्हाई बघा."

"आणि नाही आलं तर?"

"तर मला आत टाका."

"टाकीन," बाई म्हणाल्या. हसल्या न्हाईत.

दुर्गाप्पाला भिताडाच्या कडंच्या उंच बाकड्यावर बसवला, बाईंच्या नजरंसमोर. पाय जमिनीला टेकत न्हवते. "कुणी हात लावायचा नाही," बाईंनी शिपायाला बजावलं आन् पुढची कामं घेतली. कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाच्या म्हशीचं. लोक बोलत होते बांधाबद्दल आन् बघत होते पायांकडं.

भिताडावर घड्याळ होतं. बारा वाजायला दहा.

चाळीस वर्सं हाडं बसवली मी. दर वेळी देवाला म्हणलं, हाताला यश दे. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणलं, माझं काम नासू दे.

सव्वाबारा झाले. काय न्हाई. तळवं तसंच. च्या मारी, मी एवढं कशाला चोळलं? एवढं आवळून बांधायला कुणी सांगितलं होतं? 

फौजदार माझ्या शेजारी येऊन बसले. तोंड पुढं, बोलणं कानात. "वस्ताद, तालमीची जागा सरकारी आहे. ठाऊक आहे ना? पंचवीस पोरं कुठं पाठवाल?"

"व्हय, ठाऊक हाय."

"आणि तुम्ही डॉक्टर नाही. परवान्याशिवाय उपचार केलात म्हणून मीच गुन्हा दाखल करू शकतो."

"मग मला बोलावलं कशाला, सायब?"

ते उठून गेले.

साडेबारा. म्हशीवाला बाहेर गेला. दुर्गाप्पानं डोळं मिटून घेतलं होतं, कपाळावर घाम. मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. करंगळीच्या बुडाशी जरा भरल्यागत दिसत होतं, का मला भास होत होता? शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, फुगलंय का हो?" तो म्हणाला, "मला मोतीबिंदू हाय. मी आवाज ऐकायला बसलोय."

पावणेएक वाजता दुर्गाप्पा कण्हला. बाईंनी वर बघितलं.

करंगळी न्हाई, समदाच डावा पाय. मग उजवा. भाकरी तव्यावर फुगावी तसं न्हाई, हळूहळू, भिजत टाकलेल्या डाळीगत. एक वाजता तर घोट्याची हाडं दिसंनात. शिपाई पाणी घिऊन आला तो बघतच राहिला. म्हणाला, "आईच्यान..." आन् बाई समोर असल्याचं आठवून जीभ चावली.

बाई उठल्या, पुढं आल्या, परत वाकल्या. फौजदारांनी काय तर बोलायला तोंड उघडलं. बाईंनी नुसता हात वर केला.

"हे काय?" त्या म्हणाल्या. घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या बाजूला, दोन्ही पायांवर एकेक निळा डाग उठत होता. "इथंही मारलंय?"

आता एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली न्हाई. ते दोन डाग मी सकाळीच बघितले होते. आन् सगळ्यात जास्त चोळलं होतं ते त्याच दोन डागांवर, तळव्यांवर न्हाई.

"ते मारल्याचं न्हाईत, बाई," मी म्हणलं. "धरल्याचं हाईत."

"म्हणजे?"

"एक जण मारतो. दुसऱ्याला पाय धरावं लागतात, न्हाईतर माणूस उसळतो. ही धर आमच्या तालमीतली हाय. अंगठा हितं रोवला की कितीबी ताकदीचा गडी हलत न्हाई. म्याच शिकवलीय."

"कुणाला?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. मी उजव्या डागाकडं बोट केलं. "ह्यो सरळ हाय. आन् ह्यो डावीकडचा बघा, वाकडा उमटलाय. धरणाऱ्याचा डावा अंगठा वाकडा हाय. कुस्तीत मोडला होता. म्याच बसवला होता, जरा चुकला."

मला नाव घ्यावं लागलं न्हाई. गुलाबनं डावा हात पाठीमागं नेला, आन् ते समद्यांनी बघितलं.

बाईंनी पोलीस कोठडी दिली न्हाई. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी, मग न्यायालयाची कोठडी, ठाण्याची चौकशी, असं काय काय लिहून घेतलं. माझा जबाब घेतला, खाली अंगठा घेतला. बाहेर व्हरांड्यात दुर्गाप्पाला बाकड्यावर बसवलेला, गाडी यायची होती. त्याची बायको पायाशी बसून रडत होती. मी आपला सवयीनं खाली बसलो आन् त्याच्या पायाला हात घातला. त्यानं पाय आखडून घेतला.

"नको बाबा," तो म्हणाला. "डॉक्टर बघू द्या आधी. राहू द्या असंच."

मी तेलाची बाटली घिऊन उठलो.

पुढं दुर्गाप्पा सुटला. मुखवटा अजून सापडलेला न्हाई. तालमीला नोटीस आली, पोरांनी गावभर फिरून सह्या गोळा केल्या तवा कुठं ती थांबली. फौजदार टेंभुर्ण्यांची बदली झाली. चौकशीत त्यांनी स्वतःबद्दल लिहून दिलं, 'मी त्या दिवशी बंदोबस्तात होतो, ठाण्यात काय झालं मला कल्पना नाही.' आन् गुलाब निलंबित होऊन घरी बसला.

आठ महिने तो माझ्या दारात आला न्हाई. मी त्याच्या दारात दोनदा गेलो, बायकोनं कडी काढली न्हाई. मग एक दिवस सकाळी पोरं गेल्यावर तो तालमीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. गाल बसलेले.

"धर म्हणाले म्हणून धरलं, वस्ताद."

"मी बी, चोळ म्हणाले म्हणून चोळलं."

"मग तुम्ही अजून वस्ताद आन् मी घरात. आन् ज्यानं मारलं त्याच्या गाडीवर अजून दिवा हाय. हा कुठला न्याय?"

"अर्धा हाय," मी म्हणलं. "मी मला दिसलं तेवढं बोललो. मारताना मी न्हवतो तिथं. तू होतास."

"म्हणजे?"

"चौकशीत तू काय सांगितलंस?"

त्यानं मान हौद्याकडं फिरवली.

"मला दिसलं न्हाई, असंच ना?"

"वस्ताद, ते सायब हाईत! मी बोललो तर असलेली नोकरी बी जाईल. पोरगं हाय मला, बायको हाय. आन् बाकीचे पोलीस मला जगू देतील?"

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणलं. खरंच ठाऊक न्हवतं. मी त्याला काय भरवसा देणार?

तो उंबऱ्यावर बसला. डाव्या अंगठ्याला उजव्या हातानं दाबत होता. ऊन पार हौद्यापर्यंत आलं. मग म्हणाला, "चौकशीचा सायब कुठं बसतो आता?"

"जिल्ह्याला."

"दहाची यष्टी हाय."

"हाय."

तो उठला न्हाई. मीच उठलो, टोपी घातली, तालमीला कुलूप लावलं. स्टँडवर यष्टी लागलेलीच होती. तो मागच्या दारानं चढला, खिडकीपाशी बसला आन् बाहेर बघायला लागला. कंडक्टर आला. गुलाबनं खिशात हात घातला, पण हात बाहेर येईना.

"कुठं?" कंडक्टर म्हणाला.

"जिल्ह्याला," मी म्हणलं. "दोन द्या."